मैदानावरचा निकाल आणि मतपत्रिकेवरचा क्रम

३ डिसेंबर २०२३ च्या रविवारी अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या, म्हणजे विद्यापीठांच्या संघांत खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या, राष्ट्रीय प्लेऑफसाठी चार संघांची नावे जाहीर झाली, तेव्हा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा संघ तेरापैकी तेरा सामने जिंकलेला होता. आदल्याच रात्री त्याने लुईव्हिलचा १६-६ असा पराभव करून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या आपल्या गटाचे, विजेतेपद मिळवले होते. निवड समितीने मात्र मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा यांची नावे वाचली. यांपैकी टेक्सास आणि अलाबामा हे दोन्ही संघ त्या हंगामात एकेक सामना हरलेले होते. फ्लोरिडा स्टेटला पाचवा क्रमांक देण्यात आला, म्हणजे त्याचा राष्ट्रीय विजेतेपदाचा मार्ग तिथेच संपला. त्याचा प्रमुख क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या पायाला नोव्हेंबरमध्ये गंभीर दुखापत झाली होती, आणि त्याच्याशिवाय हा संघ पूर्वीइतका बलवान उरलेला नाही, असे समितीचे मत पडले. त्याच्यावाचूनही संघाने उरलेले सामने जिंकले होते, ही गोष्ट त्या मतापुढे अपुरी ठरली. एखाद्या मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता चार संघांच्या प्लेऑफबाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

शिक्षणासाठी पर्ड्यू, मिशिगन, टेक्सास ए अँड एम किंवा अ‍ॅरिझोना स्टेट अशा विद्यापीठांत जाणाऱ्या मराठी मुलामुलींना पहिल्याच सप्टेंबरमध्ये या खेळाची ओळख होते. शनिवारी सगळे गाव विद्यापीठाच्या रंगाचे कपडे घालून स्टेडियमकडे निघते. मिशिगनच्या स्टेडियममध्ये एका वेळी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. खेळाचे नियम कळायला काही आठवडे लागतात, पण त्याहूनही अधिक काळ एका साध्या प्रश्नाचे उत्तर कळायला लागतो. आपला संघ ‘देशात सातवा’ आहे असे सगळे म्हणतात, तर हा सातवा क्रमांक आला कुठून? आपल्याकडे रणजी करंडकाचा किंवा आयपीएलचा गुणतक्ता वाचण्याची सवय असते. किती सामने जिंकले, किती गुण मिळाले, बरोबरी झाली तर नेट रनरेट काय, हे सगळे कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येते. कॉलेज फुटबॉलमध्ये राष्ट्रीय पातळीवर असा गुणतक्ताच नाही. तिथे क्रमांक मोजला जात नाही, तो मतदानाने दिला जातो.

असे का झाले, याचे कारण मुळात गणिताचे आहे आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २०२५ च्या हंगामात या खेळाच्या सर्वोच्च विभागात १३६ संघ होते. प्रत्येक संघ नियमित हंगामात साधारण बारा सामने खेळतो. सर्वांनी सर्वांशी एकदा खेळायचे ठरवले तर ९,१८० सामने लागतील. हा खेळ इतका अंगावर येणारा आहे की आठवड्याला एकाहून अधिक सामना खेळणे शक्य नसते. त्यामुळे ओहायोतला एक अपराजित संघ आणि ओरेगनमधला दुसरा अपराजित संघ यांची तुलना करायची, तर त्यांच्यात एकही समान प्रतिस्पर्धी नसण्याची शक्यता खूप असते. अशा वेळी कोणीतरी काहीतरी मत देणे अपरिहार्य आहे. माझा आक्षेप मत देण्याला नाही. मताला निकालाची जागा देण्याला आहे, आणि हे मत ज्या रीतीने तयार होते ती रीत न्यायाच्या साध्यासुध्या कसोट्यांनाही उतरत नाही, हे मला या लेखात मांडायचे आहे.

या प्रथेचा उगम पाहिला तर बरेच काही उलगडते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६ मध्ये आपला साप्ताहिक पोल नियमितपणे सुरू केला आणि त्या वर्षी मिनेसोटा संघ पहिला आला. वृत्तसंस्थेचे क्रीडा संपादक अ‍ॅलन गोल्ड यांच्या कल्पनेतून तो आकाराला आला होता. दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत वर्तमानपत्रांना छापायला आणि वाचकांना वाद घालायला विषय मिळावा, हा त्यामागचा उघड हेतू होता. त्यात गैर काहीच नव्हते. ते पत्रकारितेचे एक सदर होते. पण राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना म्हणजे एनसीएए ही या सर्वोच्च विभागाचे अधिकृत राष्ट्रीय विजेतेपद स्वतः देत नाही. इतर बहुतेक खेळांत आणि फुटबॉलच्याच खालच्या विभागांत ती रीतसर स्पर्धा भरवून विजेता ठरवते; सर्वात मोठ्या विभागात मात्र ही जागा रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेत वर्तमानपत्राचे सदर जाऊन बसले आणि कालांतराने त्यालाच लोक विजेतेपद म्हणू लागले. १९५० मध्ये दुसऱ्या वृत्तसंस्थेने प्रशिक्षकांचा स्वतंत्र पोल सुरू केल्यावर एकाच वर्षी दोन विजेतेही होऊ लागले.

सदर म्हणून चालणारी ढिलाई विजेतेपद म्हणून चालत नाही. पूर्वी शेवटचे मतदान हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या निमंत्रितांच्या बाउल सामन्यांच्या आधीच उरकले जात असे. १९७३ मध्ये प्रशिक्षकांनी अलाबामाला विजेता ठरवून टाकले आणि मग अलाबामा शुगर बाउलमध्ये नोटर डेमकडून २४-२३ असा हरला. त्याचे विजेतेपद तरीही कायम राहिले, आणि पुढच्या वर्षीपासून प्रशिक्षकांचे अखेरचे मतदान बाउल सामन्यांनंतर घेण्यात येऊ लागले. जे सामने पाहायलाच मतदार थांबले नव्हते, त्यांच्याविषयीचा निर्णय ‘राष्ट्रीय’ म्हणून इतकी वर्षे स्वीकारला जात होता, याचे आजही आश्चर्य वाटते.

आता मतदानाची पद्धत पाहू. असोसिएटेड प्रेसच्या पोलमध्ये साठाहून अधिक क्रीडा पत्रकार आणि समालोचक दर आठवड्याला पंचवीस संघांची यादी पाठवतात. पहिल्या संघाला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे करत पंचविसाव्याला १ गुण मिळतो आणि सगळ्यांच्या यादीतील गुणांची बेरीज होते. क्रमांकांना गुण देऊन बेरीज करण्याची ही कल्पना अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती बोर्दा यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिचे दोषही तेव्हापासूनच माहीत आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या संघातले अंतर व चोविसाव्या आणि पंचविसाव्या संघातले अंतर ती सारखेच मानते, आणि ते कधीच सारखे नसते. याहून गंभीर गोष्ट अशी की एखाद्या मतदाराने एखाद्या संघाला दहाव्या क्रमांकावर न ठेवता यादीतूनच वगळले, तर तो एकटा त्या संघाचे सोळा गुण काढून घेतो. ज्याला आपल्या आवडत्या संघाला वर न्यायचे आहे, त्याने त्याला वर ठेवण्याबरोबरच त्याच्या प्रतिस्पर्ध्याला खाली ढकलले की काम दुप्पट होते. बहुतेक मतदार असे करत नसतील, हे मी मान्य करतो. पण ज्या पद्धतीचा न्याय प्रत्येक मतदाराच्या सचोटीवर अवलंबून राहतो, तिच्यात त्या सचोटीची तपासणी करण्याची सोय तरी असायला हवी. असोसिएटेड प्रेसच्या मतदारांच्या याद्या सार्वजनिक असतात, ही या पोलच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. प्रशिक्षकांच्या पोलमध्ये हंगामातली फक्त अखेरची मतपत्रिका उघड केली जाते, तीही २००५ पासून.

आपल्याकडे जिथे गुणफलक नसतो तिथे परीक्षक लागतात, आणि परीक्षकांच्या निर्णयावर वाद होणे आपल्याला नवे नाही. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेचा निकाल लागल्यावर भरत नाट्य मंदिराच्या आवारात किती रात्री त्या निकालाची चिरफाड झाली असेल, हे महाराष्ट्रात महाविद्यालयात शिकलेल्या कोणालाही सांगायला नको. तरीही त्या स्पर्धेत काही गोष्टी गृहीत असतात आणि त्या इतक्या स्वाभाविक वाटतात की त्यांचा कोणी वेगळा उच्चारही करत नाही. परीक्षक त्या फेरीतली प्रत्येक एकांकिका पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत स्वतः पाहतात. सगळ्या एकांकिका त्याच रंगमंचावर सादर होतात. स्पर्धेत उतरलेल्या महाविद्यालयाच्या नाटकाचा दिग्दर्शक परीक्षकाच्या खुर्चीत बसत नाही. आणि पहिला पडदा उघडण्यापूर्वी कोणत्या महाविद्यालयाचे नाटक पहिले येईल याची यादी परीक्षक प्रसिद्ध करत नाहीत. कॉलेज फुटबॉलच्या पोलमध्ये या चारही गोष्टी नाहीत, आणि ज्या खेळात गुणफलक असतो तिथे त्या नसाव्यात हे अधिकच खटकते.

एका शनिवारी पन्नास-साठ सामने होतात. त्यांपैकी दुपारी बाराला सुरू होणारे, साडेतीनचे आणि रात्रीचे सामने एकमेकांवर येतात. कोणताही माणूस त्यांतले चार-पाच सामने लक्षपूर्वक पाहू शकतो. ज्या पत्रकाराला आपल्या गावच्या संघाचे वार्तांकन करायचे असते, तो तर दिवसभर एकाच स्टेडियममध्ये अडकलेला असतो आणि रविवारी सकाळी त्याला यादी पाठवायची असते. अशा वेळी तो अंतिम गुणसंख्या पाहतो, काही क्षणचित्रे पाहतो आणि मागच्या आठवड्याची आपली यादी समोर ठेवून तिच्यात फेरफार करतो. पॅसिफिक किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना न्यूयॉर्कमध्ये रात्री साडेदहाला सुरू होतो आणि मध्यरात्र उलटल्यावर संपतो. पश्चिमेकडच्या संघांची पिढ्यानपिढ्या तक्रार आहे की पूर्वेकडचे मतदार आमचे सामने पाहतच नाहीत. या तक्रारीत कोणावर दुष्टाव्याचा आरोप नाही. झोप ही माणसाची गरज आहे एवढेच तिचे म्हणणे आहे, आणि ते खरे आहे.

प्रशिक्षकांच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते. शनिवारी ते स्वतःच्या संघात गुंतलेले असतात आणि रविवारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याची चित्रफीत पाहत असतात. अनेक ठिकाणी मतपत्रिका त्यांचे कर्मचारी भरतात, हे क्रीडा क्षेत्रात कोणापासून लपलेले नाही. शिवाय प्रशिक्षक हा या स्पर्धेतला हितसंबंधी पक्ष आहे. आपल्या संघाला, आपण हरवलेल्या संघाला आणि आपल्या कॉन्फरन्सला वरचा क्रमांक मिळण्यात त्याचा प्रत्यक्ष लाभ असतो. १९९० च्या हंगामात प्रशिक्षकांच्या पोलमध्ये जॉर्जिया टेकने कोलोरॅडोला ८४७ विरुद्ध ८४६ अशा एका गुणाने मागे टाकले, तर पत्रकारांनी कोलोरॅडोला विजेता ठरवले. त्याच कोलोरॅडोने त्या हंगामात मिझुरीविरुद्धचा सामना पंचांच्या चुकीने मिळालेल्या पाचव्या डाउनवर ३३-३१ असा जिंकलेला होता. नियमाप्रमाणे डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचे प्रयत्न, चारच असतात. १९९७ मध्ये मिशिगन बाउल सामन्यांपूर्वी दोन्ही पोलमध्ये पहिला होता आणि आपला सामना जिंकलाही. पण प्रशिक्षकांनी अखेरच्या मतदानात नेब्रास्काला वर आणले. नेब्रास्काचे प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी त्या हंगामानंतर निवृत्त होण्याचे जाहीर केले होते. नेब्रास्काने टेनेसीवर ४२-१७ असा जो विजय मिळवला, त्याच्या जोरावर मते फिरली की आदरणीय सहकाऱ्याला निरोप देण्याच्या भावनेने, हे कोणीच सांगू शकणार नाही, कारण मतपत्रिका गुप्त होत्या. माझ्या मते इथे पोलचा मोठा दोष दिसतो. निर्णय चुकीचा असेलच असे नाही, पण तो बरोबर होता हेही कधी सिद्ध करता येत नाही, आणि जिंकलेल्या संघाच्या विजेतेपदावर ही शंका कायमची चिकटून राहते.

तरीही या सगळ्याहून मला अधिक अन्यायाची वाटणारी गोष्ट म्हणजे ऑगस्टमध्ये, एकही सामना झालेला नसताना, प्रसिद्ध होणारी पहिली यादी. ती गेल्या वर्षीच्या कामगिरीवर, परत आलेल्या खेळाडूंच्या नावांवर आणि विद्यापीठाच्या लौकिकावर आधारलेली असते. ती निव्वळ भाकीत म्हणून वाचली गेली असती तर कोणाचे काही बिघडले नसते. पण पुढच्या प्रत्येक आठवड्याची यादी तिच्यातूनच निघते. वरचा संघ जिंकत राहिला तर त्याला खाली आणायला मतदाराकडे कारण उरत नाही, आणि म्हणून खालचा संघ कितीही जिंकला तरी वरचा कोणीतरी हरेपर्यंत त्याला थांबावे लागते. २००४ मध्ये हे लख्ख दिसले. त्या ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसच्या यादीत सदर्न कॅलिफोर्निया पहिला, ओक्लाहोमा दुसरा आणि ऑबर्न सतरावा होता. हंगामाअखेर तिन्ही संघ अपराजित राहिले. तेव्हाच्या व्यवस्थेत विजेतेपदाचा एकच सामना होत असे आणि त्यासाठी पहिले दोन संघ निवडले जात. पहिले दोन तेच राहिले जे ऑगस्टमध्ये होते. ऑबर्नने कठीण मानल्या जाणाऱ्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले, बाउल सामना जिंकून तेरापैकी तेरा विजय पूर्ण केले आणि तरीही त्याला राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळायची संधी मिळाली नाही. निवडल्या गेलेल्या सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने ओक्लाहोमाला ५५-१९ असे हरवले. ऑबर्नच्या खेळाडूंनी आणखी काय करायला हवे होते, या प्रश्नाला आजतागायत कोणी उत्तर दिलेले नाही. सुरुवातीच्या रेषेपासून पंधरा पावले मागे उभे करून पळायला लावलेल्या धावपटूला ‘तू दुसऱ्यांइतकाच वेगाने धावलास, पण पुढे गेला नाहीस’ असे सांगण्यासारखा हा प्रकार होता.

त्या काळात मतांबरोबर संगणकाची गणितेही जोडलेली होती. बाउल चॅम्पियनशिप सिरीज म्हणजे बीसीएस या नावाने १९९८ पासून २०१३ च्या हंगामापर्यंत चाललेल्या या व्यवस्थेचा अनुभव फारसा आशादायक नव्हता. २००३ मध्ये पत्रकार आणि प्रशिक्षक अशा दोन्ही पोलमध्ये पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया बीसीएसच्या एकत्रित गणितात तिसरा आला आणि अंतिम सामन्याबाहेर राहिला, तर आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असा हरलेला ओक्लाहोमा आत गेला. पुढच्याच वर्षी असोसिएटेड प्रेसने आपला पोल या गणितात वापरू नये असे कळवून अंग काढून घेतले. आपली पत्रकारिता करोडो डॉलरच्या निर्णयाचे साधन व्हावी हे त्या संस्थेला पटले नाही, आणि तिचा तो निर्णय मला या सगळ्या इतिहासातला सर्वात सुज्ञ निर्णय वाटतो. संगणकांपैकी बहुतेकांची सूत्रे गुप्त होती. ज्या एका गणितीने, वेस कॉली यांनी, आपली पद्धत उघड केली होती, त्यांच्या गणितात २०१० मध्ये खालच्या विभागातल्या एका सामन्याचा निकाल भरायचा राहून गेल्याचे बाहेरच्या अभ्यासकाने दाखवून दिले आणि दहाव्या व अकराव्या क्रमांकावरच्या संघांची अदलाबदल करावी लागली. चूक सापडली ती फक्त उघड असलेल्या सूत्रात. बंद सूत्रांत चुका नव्हत्या असे त्यावरून कसे म्हणणार?

लहान कॉन्फरन्समधल्या विद्यापीठांची कोंडी वेगळी आहे. तुम्ही तगड्या संघांशी खेळला नाहीत म्हणून तुम्हाला वरचा क्रमांक नाही, असे त्यांना सांगितले जाते. आणि तगडे संघ त्यांच्याशी खेळायला तयार नसतात, कारण जिंकले तर त्यांना काही मिळत नाही आणि हरले तर सर्वस्व जाते. १९८४ मध्ये ब्रिगम यंग विद्यापीठ राष्ट्रीय विजेते ठरले, पण त्यानंतर या वर्गातला कोणताही संघ दोन्ही पोलमध्ये पहिला आलेला नाही. २००८ मध्ये यूटाने अलाबामाला शुगर बाउलमध्ये ३१-१७ असे हरवून तेरापैकी तेरा सामने जिंकले, तरी विजेतेपद एक सामना हरलेल्या फ्लोरिडाला गेले. बीसीएसनंतर निवड समिती आणि चार संघांचा प्लेऑफ आला, तरी २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला अपराजित असूनही निवड समितीने बारावा क्रमांक दिला. मग त्याने पीच बाउलमध्ये ऑबर्नला ३४-२७ असे हरवले. त्या हंगामात याच ऑबर्नने राष्ट्रीय अंतिम सामना खेळलेल्या अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही हरवलेले होते.

या तक्रारीला एक उत्तर आहे आणि ते मी टाळू इच्छित नाही. केवळ जय-पराजय मोजले तर सोपे सामने ठरवून घेणाऱ्या संघाचे फावेल. २०२३ मध्ये लिबर्टी विद्यापीठही तेरा सामने अपराजित होते आणि समितीने त्याला तेविसावा क्रमांक दिला. पुढे ओरेगनने त्याला ४५-६ असे हरवले. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा विचारात घेणे आवश्यकच आहे. पण दर्जा विचारात घेणे आणि उद्या काय होईल याचे भाकीत करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत झालेल्या सामन्यांचे मोल ठरते, दुसरीत न झालेल्या सामन्याचा निकाल लावला जातो. फ्लोरिडा स्टेटच्या बाबतीत समितीने दुसरी गोष्ट केली. त्यानंतर ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडवला, तेव्हा समितीचेच बरोबर होते असे अनेकांनी म्हटले. मला हा युक्तिवाद पटत नाही. त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे कितीतरी प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते, कारण ज्या गोष्टीसाठी ते खेळत होते ती त्यांच्याकडून आधीच काढून घेतली गेली होती. आणि २०१४ चे काय करायचे? त्या वर्षी ओहायो स्टेटचे पहिले दोन क्वार्टरबॅक जायबंदी होते, तिसऱ्या क्रमांकाचा कार्डेल जोन्स खेळत होता, तरी समितीने ओहायो स्टेटला चौथा क्रमांक दिला आणि तो संघ अलाबामा व ओरेगन यांना हरवून राष्ट्रीय विजेता झाला. त्याच निवडीत टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा (टीसीयू) संघ शेवटच्या आठवड्यात ५५-३ असा जिंकूनही तिसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर गेला होता. सर्वोत्तम संघ कोणता आणि सर्वाधिक पात्र संघ कोणता, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. समिती कोणत्या वर्षी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार हे आधी कोणालाच माहीत नसते, आणि मला वाटते, बैठकीला बसण्यापूर्वी समितीलाही माहीत नसते.

इथे समितीच्या सदस्यांच्या हेतूंविषयी मला शंका घ्यायची नाही. पहिल्या समितीत माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राईस होत्या. विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू त्यात असतात. आपल्या विद्यापीठाची चर्चा चालू असताना सदस्याने खोलीबाहेर जायचे असा नियम आहे. शनिवारभर धावपळ करणाऱ्या पत्रकारापेक्षा तेरा माणसांनी एकत्र बसून विचारविनिमय करणे निश्चितच चांगले. परंतु या निर्णयांवर आता जे पैसे अवलंबून आहेत ते पाहता ‘माणसे सज्जन आहेत’ एवढी हमी पुरेशी नाही. २०२४ पासून प्लेऑफ बारा संघांचा झाला. २०२४ आणि २०२५ च्या हंगामांत त्यात प्रवेश मिळवणाऱ्या प्रत्येक संघामागे त्याच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळाले आणि उपांत्यपूर्व फेरीसाठी आणखी ४० लाख. या प्लेऑफच्या प्रक्षेपणासाठी ईएसपीएन या वाहिनीने सहा वर्षांचा ७.८ अब्ज डॉलरचा करार केला आहे, आणि समितीची साप्ताहिक यादी तीच वाहिनी मंगळवारी रात्री कार्यक्रम करून जाहीर करते. दर आठवड्याला यादी जाहीर करण्याची क्रीडादृष्ट्या काहीही गरज नाही. ती प्रेक्षकांसाठी आहे. पण एकदा जाहीर केलेला क्रम पुढच्या आठवड्यात बदलायला कारण द्यावे लागते आणि मग ऑगस्टच्या पोलचा रोग नोव्हेंबरमध्ये समितीलाही जडतो.

बारा संघांच्या प्लेऑफने एक मोठी गोष्ट साधली, हे मात्र मोकळेपणाने सांगितले पाहिजे. २०२४ आणि २०२५ मध्ये सर्वात वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना त्यात हक्काने प्रवेश मिळाला. म्हणजे प्रथमच मैदानावर जिंकून आत जाण्याचा लेखी मार्ग तयार झाला. बास्केटबॉलच्या ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला असा मार्ग पूर्वीपासून आहे आणि म्हणूनच तिथे वगळलेल्या संघाबद्दलचा वाद दोन दिवसांत विरून जातो. फुटबॉलमध्ये ‘पाच विजेते कोणते’ हे त्या दोन वर्षांत पुन्हा समितीच्याच क्रमवारीवर ठरले, हा त्यातला उणेपणा होता. आणि उरलेल्या सात जागा पूर्णपणे मतावरच भरल्या गेल्या.

त्या सात जागांचे काय होते ते २०२५ च्या डिसेंबरमध्ये दिसले. नोटर डेम आणि मायामी या दोन्ही संघांचे दहा विजय आणि दोन पराभव होते. ३१ ऑगस्टला, हंगामाच्या अगदी आरंभी, मायामीने नोटर डेमला २७-२४ असे हरवले होते. तरीही नोव्हेंबरमधल्या पहिल्या यादीपासून समितीने दर मंगळवारी नोटर डेमला मायामीच्या वर ठेवले. अखेरच्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही सामना खेळला नाही. त्या शनिवारी ब्रिगम यंगचा संघ आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात टेक्सास टेककडून हरला आणि यादीत खाली आला. रविवारी मायामी दहावा झाला, नोटर डेम अकरावा, आणि शेवटच्या दोन जागा क्रमवारीत खाली असलेल्या कॉन्फरन्स विजेत्यांच्या हक्काच्या असल्यामुळे नोटर डेम प्लेऑफबाहेर गेला. समितीचे स्पष्टीकरण असे होते की ब्रिगम यंग मधून बाजूला झाल्यावर हे दोन संघ लागोपाठ आले आणि त्यामुळे त्यांच्यातल्या प्रत्यक्ष सामन्याचा निकाल विचारात घेणे प्राप्त झाले. त्याच शनिवारी अलाबामाही जॉर्जियाकडून हरला होता. त्याचा नववा क्रमांक मात्र हलला नाही.

मायामीला प्रवेश मिळणे माझ्या मते योग्यच होते, कारण दोघांचे पराभव सारखे असताना समोरासमोरचा सामना हाच सर्वात स्वच्छ पुरावा आहे. अन्याय होता तो आधीच्या पाच मंगळवारांत. तो पुरावा ऑगस्टपासून सर्वांसमोर होता, आणि त्याला वजन द्यायचे की नाही हे दोन संघांच्या मध्ये तिसरा संघ उभा आहे की नाही यावर अवलंबून ठेवले गेले. नोटर डेमच्या खेळाडूंना महिनाभर सांगितले की तुम्ही आत आहात, मायामीच्या खेळाडूंना सांगितले की तुमचा तो विजय पुरेसा नाही, आणि शेवटी दोन्ही विधाने मागे घेतली. नोटर डेमने त्यानंतर कोणताही बाउल सामना खेळायला नकार दिला. त्या निर्णयाचे मी समर्थन करणार नाही, पण त्यामागची चीड मला समजते.

यावर उपाय अवघड नाहीत, फक्त त्यांत कोणाच्या तरी सोयीचा त्याग आहे. एकही सामना झालेला नसताना कोणाचाही क्रमांक निवडीच्या कामात कुठेही शिरू नये. समितीने हंगाम संपेपर्यंत यादी जाहीर करू नये; वाहिनीला मंगळवारचा कार्यक्रम गमवावा लागेल, तो लागू दे. समोरासमोरचा निकाल, समान प्रतिस्पर्धी, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा आणि कॉन्फरन्सचे विजेतेपद यांचा अग्रक्रम जुलैमध्ये लेखी ठरावा आणि डिसेंबरपर्यंत बदलू नये. दर्जा मोजण्याचे सूत्र कोणालाही पडताळता येईल असे उघड असावे. खेळाडूच्या दुखापतीवरून संघाचे भविष्य वर्तवण्याची मुभा समितीकडून काढून घ्यावी. प्रत्येक सदस्याने कोणाला कोणत्या क्रमाने मत दिले हे निकालाबरोबर प्रसिद्ध व्हावे. पत्रकारांचा पोल खुशाल चालू राहावा, कारण त्याने आता कोणाचा प्रवेश अडत नाही आणि रविवारी सकाळी वाद घालण्याचा आनंदही खरा आहे. प्रशिक्षकांनी मात्र आपल्याच स्पर्धेत मत देणे थांबवावे.

असा लेखी अग्रक्रम २०२५ मध्ये असता, तर ३१ ऑगस्टच्या रात्री मायामीच्या मैदानावर सामना संपला तेव्हा दोन्ही संघांच्या खेळाडूंना त्या तीन गुणांच्या फरकाचे मोल तिथल्या तिथे कळले असते. हरलेल्यांना पुढचे अकरा सामने काय करून दाखवायचे हे ठाऊक असते, आणि जिंकलेल्यांना आपण जिंकलो आहोत हे डिसेंबरमध्ये समितीने मान्य करेपर्यंत वाट पाहावी लागली नसती.